वात-पित्त प्रकृती आणि अंतर्मुख स्वभाव: दोन्ही धरून दिवस आखल्यावर आलेला अनुभव

2024 च्या अखेरीस आयुष मंत्रालयाचं प्रकृती परीक्षण अभियान झालं, त्यात माझी प्रकृती, म्हणजे आयुर्वेदाप्रमाणे शरीराची मूळ घडण, वात-पित्त निघाली. ऑफिसने आधीच करून घेतलेल्या 16 प्रकारांच्या स्वभावचाचणीत मी अंतर्मुख होते. गेल्या पावसाळ्यापासून या दोन्ही गोष्टी समोर ठेवून रोजचा दिवस आखतेय. राहते ठाण्यात, नोकरी ऐरोलीला, येणं-जाणं ठाणे-वाशी लोकलने.

‘वात म्हणजे कल्पक, पित्त म्हणजे नेता’ असे तक्ते नेटवर फिरतात आणि त्यांना स्वभावाचे 16 प्रकार चिकटवलेले असतात. ते मी बाजूला ठेवले. चरकसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, मनाच्या प्रकृती वेगळ्याच सांगितल्यात: सात्त्विक 7, राजस 6, तामस 3. बेरीज 16 होते खरी, पण आकडा जुळला म्हणून नातं जुळत नाही. चाचणीतले 16 प्रकार अंतर्मुख-बहिर्मुख यांसारख्या चार जोड्यांतून तयार होतात, त्यांचं मूळ मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या 1921 च्या मांडणीत आहे. शिवाय तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. म्हणून मी त्यातलं एकच घेतलं: माणसांत राहून मला तरतरी येते की एकटीने बसून. वेळ, जेवण आणि ऋतू प्रकृतीवरून ठरवायचे. कुणाबरोबर किती वेळ घालवायचा, ते स्वभावावरून.

खरा फरक पडला तो दुपारी. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनी दिवसाच्या सुरुवातीला कफ, मध्ये पित्त आणि शेवटी वात सांगितलाय. हल्लीच्या घड्याळात साधारण 6 ते 10, 10 ते 2 आणि 2 ते 6 असं धरतात. माझ्या मिटिंगा नेमक्या 2 नंतर लागोपाठ असायच्या. वेळ वाताची, प्रकृतीत वात, त्यात चार तास माणसांशी बोलणं. परतीच्या गाडीत घरचा फोन घ्यायचंही जिवावर यायचं. नुसती प्रकृती पाहिली असती तर मी पोळीला तूप वाढवून थांबले असते, आणि नुसता स्वभाव पाहिला असता तर सगळ्याच मिटिंगा टाळत बसले असते. दोन्ही एकत्र पाहिल्यावर लक्षात आलं की त्याच मिटिंगा सकाळी मला मुळीच जड जात नाहीत. साहेबांशी बोलून बहुतेक सकाळी 10 च्या सुमारास घेतल्या, हिशेब तपासणं त्यानंतर, डबा गरम करून 1 च्या आत. दुपारी एकटीने करायची कामं. संध्याकाळी आता मुलीचा अभ्यास घेते आणि तोही न चिडता.

ऋतूप्रमाणे मात्र बदल करावा लागतो. पावसाळ्यात वात बळावतो, तेव्हा आंघोळीआधी तिळाचं तेल, सुंठीचं पाणी आणि मुगाचं कढण यांनी मला फार आराम मिळाला. शरदात, म्हणजे ऑक्टोबरच्या उकाड्यात, पित्त वर येतं. तेच सुंठीचं पाणी तेव्हा बाधलं. ते थांबवून भिजवलेल्या मनुका सुरू केल्या, आंबवलेलं आणि तिखट कमी केलं. त्याच दिवसांत नवरात्र आणि दिवाळी, म्हणजे पाहुणे आणि गर्दी. टेंभी नाक्याच्या देवीला जायचंच असतं, तर सकाळी लवकर जाऊन आले.

‘तुमची प्रकृती अधिक तुमचा प्रकार’ असा तयार आहार विकणारी ॲप्स आहेत, त्यांवर पैसे घालवू नका. अंतर्मुख माणसाने भात खावा की भाकरी, हे कुठलीच चाचणी सांगू शकत नाही.

आणि सतत थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन, बी12 आणि थायरॉइड तपासून घ्या. माझ्या वैद्यांनी पहिल्याच भेटीत हे करायला लावलं आणि बी12 कमी निघालं. त्याची औषधंही मी घेतली, त्यामुळे वरच्या सुधारणेतला काही वाटा त्या औषधांचा आहे.

फिरत्या पाळ्यांत काम करणाऱ्यांना हे घड्याळ फारसं उपयोगी नाही. माझी नणंद वाशीला नर्स आहे, तिने स्वभावाचा भाग तेवढा उचलला: रात्रपाळीहून आल्यावर अर्धा तास ती दार लावून पडते, घरातले तेव्हा हाक मारत नाहीत, आणि मग सगळ्यांबरोबर चहाला बसते.