काकाडू आणि आर्नहेम लँडची मुक्कामी सहल: परत येऊन बरेच महिने झाल्यावर

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विनहून निघायचं, काकाडू नॅशनल पार्कमध्ये मुक्काम करायचा, शेजारच्या आर्नहेम लँड या आदिवासींच्या मुलखात डोकावायचं आणि परत डार्विनला यायचं, अशी गाईडसह सहल आम्ही गेल्या जुलैत केली. मी, नवरा आणि साताऱ्याहून आमच्याकडे मेलबर्नला आलेल्या सासूबाई, म्हणजे आई. आल्याआल्या लिहिलं असतं तर मगरी आणि धबधबे यांनीच पान भरलं असतं. आता त्यातलं काय टिकलं आणि काय विरलं ते स्पष्ट दिसतंय. ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी: जरूर जा. फक्त सहल निवडताना किती ठिकाणं दाखवणार हे बघू नका. तिथल्या मूळच्या माणसांसोबत किती वेळ मिळणार, ते विचारा.

काकाडू किती मोठं आहे याची कल्पना नकाशावरून येत नाही. जवळजवळ 20,000 चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या पुणे जिल्ह्याहून मोठं. 1981 मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं, निसर्गासाठी आणि संस्कृतीसाठी, दोन्ही कारणांनी. आत निम्मीअधिक जमीन कायद्याने तिथल्या बिनिंज आणि मुंगुय लोकांची आहे. त्यांनी ती उद्यानासाठी भाडेपट्ट्याने दिली आहे आणि कारभार पाहणाऱ्या मंडळात बहुमत त्यांचंच आहे. ही गोष्ट मनात ठेवून गेलं की बाकीचं आपोआप कळत जातं. आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून जातोय.

पहिला दिवस मला फुकट गेल्यासारखा वाटला, तो आधी सांगून टाकते. सहलवाल्यांच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत आदिवासी संस्कृती लिहिलेली, आणि सुरुवातीला बसमध्येच बसून. लिचफील्डला वारुळं बघितली. उंच, चपटी, सगळी उत्तर-दक्षिण उभी, म्हणजे दुपारचं ऊन अंगावर कमी येतं. ती खरंच बघण्यासारखी आहेत. फ्लोरेन्स फॉल्सखाली पोहणंही छान झालं. पण आमचा ड्रायव्हर-गाईड दुसऱ्या राज्यातून हंगामापुरता आलेला तरुण. पक्ष्यांची नावं त्याला तोंडपाठ होती, गाडी उत्तम चालवायचा, आईंना हात धरून उतरवायचा. पुढे बुरुंगकुयच्या कातळचित्रांपुढे मात्र तो पाटीवरचं वाचून दाखवू लागला. पाटी आम्हालाही वाचता येत होती. परत आल्यावर मी कंपनीला हे सविस्तर कळवलं. त्यांनी उत्तर दिलं, आभार मानले, पत्रक मात्र अजून तसंच आहे.

बुरुंगकुयला, ज्याला नकाशावर नोरलँजी म्हणतात, नामारगोनचं चित्र आहे. तो विजेचा पुरुष. डोक्यापासून हातापायांपर्यंत त्याच्याभोवती फिरणारी रेघ म्हणजे वीज, आणि गुडघ्या-कोपरांवर दगडी कुऱ्हाडी. त्या आपटून तो ढग फोडतो. हे चित्र 1964 मध्ये नायोम्बोल्मी या बिनिंज चित्रकाराने पुन्हा रंगवलं. चित्राला नवा हात देणं हीच तिथली रीत आहे. जुनं आहे म्हणून काचेत ठेवायचं, असा तिथे विचारच नाही. पावसाळ्याच्या तोंडावर तिथे केशरी-निळे नाकतोडे दिसतात, ती नामारगोनची पोरं. जुलैत ते दिसत नाहीत, एवढी एक चुटपुट राहिली.

खरी सहल सुरू झाली ती ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवर. (इथे अ‍ॅलिगेटर एकही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या इंग्रज नाविकाने मगरींनाच अ‍ॅलिगेटर समजून नद्यांची नावं ठेवली.) गुलुयांबी नावाची नावेची फेरी आहे, ती बिनिंज गाईड चालवतात. आमचा गाईड पन्नाशीचा, हळू बोलणारा. नाव सोडण्याआधी त्याने समोरचा किनारा दाखवला आणि तो कुणाचा, अलीकडचा कुणाचा, हे सांगितलं. मग काठावरचं एकेक झाड. कुठल्या झाडाची साल भांड्यासाठी, कुठल्याच्या लाकडाचा भाला, कुठला पाला पाण्यात चुरला की मासे गुंगी येऊन वर येतात. पलीकडे उतरून त्याने भाला फेकायच्या फळीवरून भाला सोडला, तो एवढ्या लांब गेला की नावेतली मुलं ओरडलीच. नदीत मगरी पडलेल्याच होत्या. 1971 मध्ये शिकारीवर बंदी आली तेव्हा नॉर्दर्न टेरिटरीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी तीनएक हजार उरल्या होत्या, आता त्या लाखाच्या घरात आहेत. त्यामुळे पाण्यात उतरायचं ते फक्त जिथे परवानगीची पाटी आहे तिथेच. यात अजिबात धाडस करू नका.

त्याच गाईडने वाटेतल्या जळक्या पट्ट्यांचं कोडं सोडवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळं झालेलं गवत बघून आई सकाळपासून हळहळत होत्या, केवढा वणवा लागला म्हणून. तो म्हणाला, आम्हीच लावतो. पावसाळा संपून गवत पुरतं वाळायच्या आत, थोड्या थोड्या तुकड्यांत, थंड वाऱ्याच्या वेळी. ज्वाळा गुडघ्याच्या वर जात नाहीत, झाडांचे शेंडे हिरवेच राहतात, जनावरांना पळायला वाट मिळते. आणि ऑक्टोबरच्या उन्हात खरा वणवा आला तर त्याला पुढे जायला गवतच उरत नाही. हजारो वर्षं हे चाललंय. त्यानंतर आम्ही ते पट्टे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. वर घारी घिरट्या घालत होत्या, धुरातून निसटणारे किडे टिपायला.

मग ऋतू. आपल्याला सहा ऋतू नवे नाहीत, म्हणून आई लगेच सरसावून बसल्या. त्यांचेही सहाच: गुजेउग म्हणजे भर पावसाळा, मग उभं गवत झोपवणाऱ्या वादळांचं बांगेरेंग, दमट पण निवत जाणारं येगे, थंडीचं वुरगेंग, तापलेलं कोरडं गुरुंग आणि पहिल्या गडगडाटाचं गुनुमेलेंग. पण तारीख बघून ऋतू बदलत नाही. कुठलं झाड फुललं, कुठला वारा सुटला, बदकं कुठे गोळा झाली, यावरून तो ठरतो. पानं झडलेल्या फांद्यांवर पिवळीधमक फुलं आलेलं कापोकचं झुडूप आम्हाला जागोजागी दिसत होतं. ते आपल्या गणेरीच्याच कुळातलं. ते फुललं की गोड्या पाण्यातल्या मगरी अंडी घालायच्या बेतात असतात. पंचांग कुठे लिहून ठेवलेलं नाही, रानात उभं आहे.

उबिरच्या कातळावर संध्याकाळी चढलो. वाट सोपी आहे, शेवटचा नादाबचा खडक तेवढा जपून चढावा लागतो. आई खालच्या चित्रांपाशीच थांबल्या आणि त्यांनी बरंच केलं, कारण गर्दी वर सूर्यास्ताला पळाली आणि मुख्य कातळ त्यांना निवांत मिळाला. बारामुंडी मासे, कासवं, घोरपडी, सगळ्यांची हाडं आणि आतडी आतून दिसावीत अशी काढलेली. कुठला भाग कुठे कापायचा, वाटे कसे करायचे, हे शिकवायलाही ही चित्रं कामी येतात. जरा पुढे कड्यावर उंच एक पट्टेरी प्राणी आहे, तो टास्मानियन टायगर. मुख्य भूमीवरून तो हजारो वर्षांपूर्वी नाहीसा झाला, तेव्हा ज्याने काढला त्याने तो पाहिलेला असणार. त्याच भिंतींवर खिशात हात घालून उभे असलेले गोरेही आहेत. आणि इथून फार लांब नाही अशा मादजेदबेबेच्या कातळाखाली माणसाच्या वस्तीच्या खुणा सापडल्या, त्यांचं वय 2017 च्या संशोधनात सुमारे 65,000 वर्षं निघालं. ती जमीन मिरार लोकांची. याच मिरारांनी 1998 मध्ये जाबिलुकाच्या युरेनियम खाणीविरुद्ध मोठं आंदोलन केलं आणि ती खाण होऊ दिली नाही. शेजारची रेंजर खाण 1980 पासून चालली आणि 2021 मध्ये थांबली. पत्रकात यातलं काहीच नव्हतं. मला हा भाग चित्रांइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण चित्रं ज्यांची ती माणसं आजही त्याच जमिनीसाठी उभी आहेत.

सगळ्यात भरीव दिवस आर्नहेम लँडमधला. परवाना घेऊन काहिल्स क्रॉसिंग, म्हणजे ईस्ट अ‍ॅलिगेटरच्या पात्रातून जाणारा रस्ता, ओलांडायचा, पलीकडे गुनबलान्या गाव आणि इंजालाकचा डोंगर. नवरा आणि मी स्थानिक गाईडबरोबर डोंगर चढलो. दगडांवरून हातपाय टेकत जावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांनी नाद सोडावा. वर एकावर एक इतकी चित्रं आहेत की कुठे बघावं कळत नाही. एका कपारीपाशी त्याने कॅमेरे खाली ठेवायला सांगितले. आम्ही ठेवले, कारण विचारलं नाही.

खाली कला केंद्रात आई बायकांच्या घोळक्यात मांडी घालून बसलेल्या. त्या पांदानसच्या टोपल्या विणत होत्या. पांदानस म्हणजे केवड्याच्या जातीचं झाड. पानाच्या कडेचे काटे नखाने सोलून काढायचे, पान मधून चिरायचं, त्याच्या दोऱ्या वाळवायच्या आणि मग मुळ्या-कंद घालून उकळायच्या. एकीने पिवळ्या रंगाच्या पातेल्यात चिमूटभर राख टाकली आणि पाणी लालसर व्हायला लागलं, हळदीत चुना पडल्यावर होतं तसं. आई एकदम "अगं, हे तर कुंकू!" म्हणाल्या. तिला शब्द कळला नसेल, पण ती हसली आणि त्यांच्या हातात दोऱ्यांची एक जुडी दिली. बाजूला एक चित्रकार लव्हाळ्याच्या काडीच्या कुंचल्याने केसाएवढ्या बारीक रेघा ओढत होता. एक रेघ संपेपर्यंत तो श्वास धरून ठेवायचा.

तिथेच कळलं की गेलेल्या माणसाचं नाव बराच काळ उच्चारत नाहीत, आणि सासू-जावई एकमेकांशी थेट बोलत नाहीत. कुनविन्जकू भाषेत त्या नात्यासाठी बोलायची वेगळी पद्धतच आहे. आमच्या गटातल्या काहींना हे चमत्कारिक वाटलं. आईंना मुळीच नाही. त्यांनी उभ्या आयुष्यात माझ्या सासऱ्यांचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नाही.

आता इतक्या महिन्यांनी काय उरलं? जिमजिम धबधब्याचा दोनशे मीटरचा कडा फोटोत बघितला की आठवतो, एरवी नाही. यलो वॉटर तळ्यातली पहाटेची नावेची फेरी मात्र अजून लख्ख आहे: कमळांची पानं, त्यावरून लांब बोटांनी चालणारे कमळपक्षी, आणि ते कमळही आपल्याकडचंच, तीच जात. आईंनी घेतलेली टोपली आमच्या दिवाणखान्यात रोज वापरात आहे. एक दोरा सुटलेला नाही, रंग थोडा मवाळ झालाय इतकंच. तिथलंच हाताने छापलेलं सुती कापड धुऊन धुऊन मऊ झालं, पण नक्षी तशीच आहे. डार्विनच्या दुकानांतल्या स्वस्त बूमरँगच्या मागे लागू नका. ऑस्ट्रेलिया सरकारच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनच्या 2022 च्या अहवालानुसार अशा भेटवस्तूंवर खर्च होणाऱ्या पैशांपैकी निम्म्याहून जास्त पैसा आदिवासींनी न बनवलेल्या मालावर जातो. कलाकाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी नसेल तर वस्तू घेऊ नका.

आणखी एक बदल घरात झालाय. मेलबर्नच्या भागातही तिथल्या मूळच्या कुलिन लोकांचे सात ऋतू आहेत, हे इतकी वर्षं इथे राहून मला माहीत नव्हतं. आता नाल्याकाठी फिरायला जाताना मी ते लक्ष ठेवून बघते. मार्चमध्ये ईल माशांचा ऋतू, डिसेंबरमध्ये कांगारू अ‍ॅपलचा. साताऱ्याला फोन झाला की आईंचा प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्याकडे आता काय फुललंय?"

आता व्यवहाराचं. जून ते ऑगस्ट उत्तम, रात्री पातळ स्वेटर लागतो, दिवसा ऊन तिशीच्या पुढे. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लिहून कळवा, तरी पास्ता आणि सॅलड यांपलीकडे अपेक्षा नको. आमचं मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी शेवटी पूर्ण बसमध्ये फिरली. दुर्बीण न्याच, कॅमेऱ्यापेक्षा ती जास्त वापरली जाते. ज्येष्ठांना तंबूऐवजी खोली घ्या. एखादी जागा ऐनवेळी बंद असेल, कधी विधींसाठी, कधी मगरींसाठी, तर वाद घालू नका. गुनलोमचा धबधबा 2019 मध्ये बंद झाला तो पायवाट पवित्र जागेच्या फार जवळून बांधली म्हणूनच. आर्नहेम लँडचा परवाना सहलवाले काढून देतात. स्वतः गाडी घेऊन जाणार असाल तर नॉर्दर्न लँड काउन्सिलकडे बऱ्याच आधी अर्ज करा, आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय काहिल्स क्रॉसिंगवर गाडी घालू नका.