अ‍ॅपचे नियम वेगळे, टेस्टचे वेगळे: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचं सोल्यूशन, म्हणजे प्रोजेक्टचा संच, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटचं आहे: एका फोल्डरमध्ये अ‍ॅप आणि लायब्रऱ्या, दुसऱ्यात एक्सयुनिट या टेस्ट फ्रेमवर्कचे टेस्ट प्रोजेक्ट. डॉटनेट ५ पासून, म्हणजे २०२० पासून, रोझलिन या कंपायलरचे अ‍ॅनालायझर, म्हणजे कोड ठरावीक नियमांवर तपासणारी साधनं, एसडीकेसोबतच (डेव्हलपमेंटच्या साधनसंचासोबतच) येतात. कुठला नियम कुठे लावायचा, एवढंच ठरवावं लागतं. गेले काही महिने आम्ही दोन्हींची सेटिंग वेगळी ठेवली आहे आणि ती पुन्हा एकत्र करायला मी तरी तयार होणार नाही.

याचं सगळ्यात मोठं कारण सीए२००७ हा अ‍ॅनालायझरचा नियम. अ‍ॅनालिसिस मोड ‘ऑल’ केला की हा नियम प्रत्येक अवेटवर (असिंक काम संपायची वाट बघण्यावर) कॉन्फिगरअवेट मागतो, म्हणजे पुढचा कोड मूळ संदर्भात परत आणायचा की नाही हे सांगणारा कॉल. लायब्ररीसाठी ते रास्तच आहे. पण एक्सयुनिटचा स्वतःचा नियम, एक्सयुनिट१०३०, टेस्ट मेथडमध्ये कॉन्फिगरअवेट फॉल्स लिहू नका असं बजावतो, कारण त्यामुळे समांतर चालणाऱ्या टेस्टवरची मर्यादा चुकवली जाऊ शकते. एकाच ओळीवर दोन नियम भांडतात आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर असतात. सीए१७०७चंही तसंच. त्याला नावातला अंडरस्कोर खपत नाही, आणि टेस्टचं लांबलचक नाव अंडरस्कोरशिवाय वाचवत नाही.

यावर टेस्टमधलं अ‍ॅनालिसिस सरसकट बंद करून टाकण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. मला तो अजिबात पटत नाही. थ्रोजअसिंकच्या (अपेक्षित एक्सेप्शन येतं का हे तपासणाऱ्या कॉलच्या) आधी अवेट राहून गेला तर टेस्ट काहीही न तपासता हिरवी, म्हणजे पास, होऊ शकते. एक्सयुनिट२०२१ नेमकं हेच पकडतो, आणि अ‍ॅनालायझर बंद केले की हा पहाराही उठतो. खोटी हिरवी टेस्ट तुटलेल्या टेस्टपेक्षा जास्त घातक, कारण तिच्याकडे कोणी वळून बघत नाही. म्हणून टेस्टला नियम कमी नकोत, तिचे स्वतःचे हवेत. रिझल्ट किंवा वेट वापरून टास्क संपेपर्यंत थ्रेड अडवून धरण्यावरचा एक्सयुनिट१०३१ आम्ही एररवर नेला आहे.

मांडणी तशी सोपी आहे. टेस्टच्या फोल्डरमध्ये छोटी एडिटरकॉन्फिग फाइल ठेवायची, म्हणजे कुठला नियम किती कडक हे लिहिलेली फाइल. वरच्या फाइलचे नियम लागू राहतात आणि इथे लिहिलेले तेवढे बदलतात. फक्त तिच्यात ‘रूट’ ट्रू करायचं नाही, नाहीतर वरचं काहीच खाली येत नाही. डिरेक्टरी बिल्ड प्रॉप्स या, प्रोजेक्टच्या सामायिक बिल्ड सेटिंगच्या फाइलचं उलट आहे. एमएसबिल्ड, म्हणजे बिल्ड करणारं साधन, वरच्या फोल्डरांमध्ये शोधत जातं आणि पहिली फाइल सापडली की थांबतं, त्यामुळे आतल्या फाइलमध्ये वरची स्वतःहून इम्पोर्ट करावी लागते.

‘इजटेस्टप्रोजेक्ट’ (प्रोजेक्ट टेस्टचा आहे का हे सांगणारी सेटिंग) तपासून याच फाइलमध्ये अट घालावी असं कुणालाही वाटेल, पण ती लागू होत नाही. ती किंमत टेस्ट एसडीकेच्या पॅकेजमधून येते आणि तोवर ही फाइल वाचून झालेली असते. एररही येत नाही, अट गुपचूप खोटी ठरते. आम्ही प्रोजेक्टच्या नावाचा शेवट ‘टेस्ट्स’ आहे का, एवढंच बघतो.

वॉर्निंगना एरर मानणं फक्त पाइपलाइनमध्ये, म्हणजे सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या बिल्डमध्ये, चालू आहे. आपल्या मशीनवर अर्धवट कोड चालवून बघायची मोकळीक हवी. टेस्टमध्ये सीएस०६१८ला (कालबाह्य कोड वापरल्याच्या वॉर्निंगला) सूट दिली आहे, कारण कालबाह्य ठरवलेल्या मेथडही काढून टाकेपर्यंत तपासायच्याच असतात. नुगेट ऑडिटच्या (वापरलेल्या पॅकेजमधल्या सुरक्षा त्रुटी तपासण्याच्या) एनयू१९०१ ते एनयू१९०४ या वॉर्निंग दोन्हीकडे एररमधून वगळल्या. नाहीतर कुठल्यातरी पॅकेजमधली त्रुटी जाहीर झाली की कोडला हातही न लावता बिल्ड पडतो. त्या बघतो जरूर, पण वेगळ्या जॉबमध्ये. अ‍ॅनालिसिस लेव्हलही (कुठल्या आवृत्तीचे नियम लावायचे ते) ‘लेटेस्ट’ न ठेवता ठरावीक आकड्यावर बांधली, म्हणजे एसडीके बदलला तरी नवे नियम अचानक अंगावर येत नाहीत.

टेस्टना लागणारे फेक (खऱ्या भागांच्या जागी वापरायचे नकली भाग) आणि बिल्डर (टेस्टचा डेटा तयार करणारा कोड) ज्या सामायिक लायब्ररीत आहेत, तिचं नाव ‘टेस्ट्स’ने संपत नाही आणि ती टेस्टच्या फोल्डरमध्येही नाही. त्यामुळे तिला अ‍ॅपचे कडक नियम लागतात. टीममधल्या काहींना हे जाचक वाटतं, पण सगळे टेस्ट प्रोजेक्ट तिच्यावर उभे असल्याने मी ते तसंच ठेवलं आहे.