सोशल स्टोरी की व्हिडिओ: स्वमग्न मुलासाठी काय निवडावं?

आधी एवढं तपासा: मुलाला ते काम करताच येत नाही, की करता येतं पण तिथे काय चाललंय हे न कळल्यामुळे तो बिथरतो? पहिलं असेल तर ते काम करून दाखवणारा व्हिडिओ, दुसरं असेल तर सोशल स्टोरी, म्हणजे तिथे काय होतं आणि का, हे मुलाला समजावणारी छोटी गोष्ट.

समजा, ठाणे–वाशी लोकल शिकवायची आहे. उतरणाऱ्यांना आधी उतरू देणं, खांब धरणं, आत सरकणं या हालचाली आहेत. त्या दाखवाव्याच लागतात. दुपारी गर्दी नसताना, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, मिनिटभराचा व्हिडिओ घ्या. फ्रेममध्ये वडापावचा स्टॉल आला तर मुलाला तेवढाच लक्षात राहतो, तो कापा. दाखवला की लगेच करून घ्या. नाहीतर व्हिडिओ पाठ होतो आणि चढणं तिथल्या तिथेच राहतं.

गाडीला उशीर का होतो, घोषणा एवढ्या मोठ्याने का, हे मात्र व्हिडिओत दिसत नाही. तिथे गोष्ट हवी. अमेरिकन शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेल्या या पद्धतीत एका सूचनेमागे किमान दोन वाक्यं वर्णनाची असतात:

‘मी लोकलने वाशीला जातो. गाडी बहुतेक वेळा काही मिनिटांत येते. कधी उशीर होतो. घोषणा मोठ्याने होते, कारण लांब उभ्या असलेल्यांनाही ती ऐकू जायला हवी. आवाज नकोसा झाला तर मी हेडफोन लावू शकतो.’

यातलं ‘बहुतेक वेळा’ गाळलंत तर गाडी उशिरा आलेल्या दिवशी गोष्ट खोटी ठरते. ‘तू ढकलू नकोस’ लिहिलंत तर ती गोष्ट राहत नाही, दटावणी होते. घराबाहेर पडण्याआधी, शांतपणे वाचा. आकांत झाल्यावर वाचलेली गोष्ट मुलाला शिक्षाच वाटते. आणि ‘डोळ्यांत बघून बोल’ असलं काही त्यात घालूच नका.

पुराव्याचं पारडं व्हिडिओकडे झुकतं. ब्रिटनमधल्या शाळांत झालेल्या मोठ्या चाचणीत सोशल स्टोरीने मुलांच्या एकूण सामाजिक प्रतिसादात फरक पडला नाही. त्या-त्या मुलासाठी ठरवलेलं उद्दिष्ट मात्र जास्त वेळा साधलं. म्हणून ‘मित्र जोडणं’ नको, ‘लिफ्टमधले लोक बाहेर येईपर्यंत थांबणं’ घ्या.

कॉलेजच्या मुलाला कार्टून देऊ नका, मोबाइलच्या नोट्समध्ये साधा मजकूर पुरतो. तयार पीडीएफ घेतलीत तर निदान फोटो बदला. परदेशातली पिवळी स्कूलबस दाखवून घणसोलीच्या मुलाला एनएमएमटी बसची रांग समजत नाही.