विश्रामबागेतला त्वचेचा दवाखाना: चार तारे, पाचवा वेटिंगमध्ये गेला

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. अंगावर कायम पिवळी धूळ, त्यामुळे खांद्यावर पांढरं पडलं की लगेच उठून दिसतं. गेल्या थंडीपासून डोक्यात, कानामागे आणि मानेवरच्या केसांच्या कडेला खवले धरायला लागले. कोंडा समजून आठ महिने लिंबू झालं, दही झालं. रात्री खोबरेल चोपडायचं आणि सकाळी फणीनं खरवडायचं. खरवडलं की रक्ताचा ठिपका. घरात माझी फणी वेगळी झाली. शेवटी न्हावीच म्हणाला, "दिवाणजी, आधी डॉक्टरला दाखवा, मग या."

दहाचा नंबर, आत गेलो पावणेएकला. फोनवर वेळ देतात ती कशासाठी, देव जाणे. शेजारी एक पोरगा होता, डोक्यावर रुपयाएवढी गोल चकती, त्यातले केस तुटलेले. नायटा निघाला. त्याची आई बाहेर येऊन सांगत होती, बुरशी केसाच्या मुळात जाते, नुसत्या मलमानं भागत नाही, गोळ्या घ्याव्या लागतात.

डॉक्टरबाईंनी डोकं बघायच्या आधी सांगितलं, "बाही वर करा." कोपरावर माझा जुना खरखरीत डाग. तीस वर्षं गादीवर कोपर टेकून पट्ट्या लिहितोय, मी त्याला घट्टा समजत होतो. मग नखं पाहिली. बारीक बारीक खड्डे, शिवणकामाच्या अंगुस्तानासारखे. वडिलांना असं काही होतं का, विचारलं. अण्णांचे गुडघे आठवले.

सोरायसिस. कातडीची नवी पेशी वर यायला साधारण महिना लागतो, इथं ती चार-पाच दिवसांतच येते आणि थर साचतो. म्हणून खाली लाल, वर चंदेरी खवले. भुवयांत, नाकाच्या कडेला पिवळट तेलकट पापुद्रे असते तर प्रकरण वेगळं होतं म्हणाल्या, तेलकट कोंड्याचं. त्यामागची बुरशी नायट्याची नव्हे, ती सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि तेलकटपणावर पोसते, तिला खोबरेल म्हणजे खुराकच. डाय लावता का, हेही विचारलं, त्याच्या ॲलर्जीनंही कानाजवळ असंच सोलतं. मी लावत नाही, पिकलेत ते पिकलेत.

हा आजार लागट नाही, हे बाईंनी सौं.ना समोर बसवून सांगितलं. फीचे पैसे तिथंच फिटले.

औषध म्हणजे डांबर आणि सॅलिसिलिक ॲसिडचा शाम्पू, दहा मिनिटं ठेवून धुवायचा, आणि रात्री स्टेरॉईडचं लोशन. शाम्पूचा वास असा की मालक म्हणाले, "यार्डात रस्ता करतायत काय?" लोशन सांगितलं तेवढेच दिवस लावा, मेडिकलमधून परस्पर आणत राहू नका, कातडी पातळ होते. खरवडणं तर बंदच, जखम झाली की तिथं नवा डाग उठतो.

दीड महिन्यात डोकं बरंच साफ झालंय, कानामागचं अजून हटत नाही. मुळापासून जाईल असं बाईंनी कबूल केलेलं नाही. थंडीत, घसा धरला की किंवा डोक्याला ताप झाला की परत उठेल, तेव्हा लगेच या म्हणाल्या.

जाणार असाल तर डबा खाऊन जा, आणि बाही सैल असलेला शर्ट घाला.