ढेकणांच्या तक्रारीचा मेल आला आणि आमच्या नावाने पाहुणे लुटले गेले

हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण यात आमचा स्वतःचा बावळटपणा पण भरपूर आहे आणि तो चारचौघांत सांगायला कोणाला आवडतो. पण होमस्टे, बी अँड बी, छोटं लॉज, असलं काही नव्याने चालवायला घेतलं असेल तर वाचा, आणि तुमच्याकडे लॅपटॉपवर बुकिंग बघायला जो कोणी बसतो त्याला तर नक्की वाचायला लावा.

मी आणि नवऱ्याने नोकऱ्या सोडून एका छोट्या गावातलं ४ खोल्यांचं चालू बी अँड बी घेतलं. आधीचे मालक वयस्कर जोडपं, त्यांनी आठवडाभर सोबत राहून सगळं शिकवलं, मोटर कधी लावायची, कुठल्या खोलीचं दार दमट हवेत फुगतं, चादरी किती जोड लागतात, सगळं. ऑनलाइन बुकिंगच्या वाटेला मात्र ते फारसे गेले नव्हते, ते खातं आम्हीच उघडलं. तीन महिन्यांत मोजून ११ रिव्ह्यू आले होते. ज्यांनी हा धंदा केलाय त्यांना कळेल, ११ रिव्ह्यू असताना एक वाईट पडला तर रेटिंग कसं धाडकन खाली येतं. मी झोपायच्या आधी रिव्ह्यू बघायचे आणि उठल्यावर परत बघायचे.

तर एका रात्री साडेदहाला मेल आला. बुकिंग साइटचा लोगो, तोच निळा रंग, तीच भाषा. ‘तुमच्याकडे राहून गेलेल्या पाहुण्याने खोलीत ढेकूण असल्याची तक्रार केली आहे, फोटो जोडले आहेत, २४ तासांत उत्तर न दिल्यास तुमची जागा तात्पुरती बंद केली जाईल.’ खाली बटण, ‘तक्रार पाहा’.

ढेकूण! दुसरं काहीही लिहिलं असतं, नाश्ता गार होता, चादर मळकी होती, तर मी कदाचित सकाळी बघू म्हणाले असते. ढेकूण म्हटल्यावर माझे हातपाय गार पडले. नवरा टॉर्च घेऊन निघाला, त्या दिवशी चारही खोल्या रिकाम्या होत्या, त्याने एकेक गादी उभी करून शिवणीच्या कडा बघायला सुरुवात केली, कारण ढेकूण असले की तिथे काळे ठिपके दिसतात हे आधीच्या काकूंनी सांगितलं होतं. आता गंमत बघा, चारही खोल्या का उलथ्या केल्या? कारण मेलमध्ये कुठली खोली ते नव्हतंच. पाहुण्याचं नाव नाही, तारीख नाही, बुकिंग नंबर नाही. हेच तिथल्या तिथे खटकायला हवं होतं. आम्ही काय केलं तर सगळ्याच खोल्यांवर संशय घेतला, मेलवर नाही.

तो तिकडे गाद्या उचलतोय आणि मी इकडे इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ते बटण दाबलं. साइट उघडली, मागे सगळं धूसर आणि मधे चौकट, ‘मी रोबो नाही’ वर टिक करा. टिक केली. मग खाली तीन पायऱ्या आल्या. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. मी दाबलं. हो, दाबलं. रोज कुठे ना कुठे रोबो नाही म्हणून सिग्नल ओळखा, सायकली ओळखा चाललेलंच असतं, वाटलं हा नवीन प्रकार असेल. क्षणभर एक काळी खिडकी चमकून गेली आणि साइटचं खरं पान उघडलं. तक्रार कुठेच दिसेना. तेवढ्यात नवरा खाली आला, ढेकूण एकही नाही म्हणाला, मात्र दोन नंबरच्या गादीच्या फटीत एक कानातलं सापडलं. तक्रार त्यांनीच काढून टाकली असेल म्हणून आम्ही निवांत झोपलो.

नक्की काय झालं ते नंतर लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या मुलाने समजावलं, ते सांगते कारण हेच महत्त्वाचं आहे. त्या चौकटीत टिक केली तेव्हाच त्या पानाने एक कमांड गुपचूप कॉपी करून ठेवली होती. विंडोज आणि आर दाबलं की रनची छोटी खिडकी उघडते, कंट्रोल व्हीने ती कमांड तिथे पेस्ट होते आणि एंटर दाबलं की चालते. म्हणजे व्हायरस कोणी आत घुसवला नाही, मी स्वतःच्या हाताने आत घेतला. रनची खिडकी इतकी बुटकी असते की लांबलचक कमांडचं शेपूटच दिसतं, आणि त्या शेपटात ‘मी रोबो नाही’ छापाचं काहीतरी लिहून ठेवलेलं असतं, म्हणजे बघणाऱ्याला शंका येऊ नये. याला क्लिकफिक्स म्हणतात म्हणे. आणि हे काही आमच्यापुरतं नव्हतं, मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता की डिसेंबर २०२४ पासून एका मोठ्या बुकिंग कंपनीचं सोंग घेऊन हॉटेलवाल्यांना असे मेल जातायत, युरोप, उत्तर अमेरिका, ओशनिया, दक्षिण आणि आग्नेय आशिया, सगळीकडे. त्यात वाईट रिव्ह्यूची भीती घालणारे मेल पण होते. आम्ही तेव्हा पडद्यांचं कापड निवडत होतो, असले इशारे कोण वाचतंय.

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी सकाळी सहाला एका पाहुण्यांचा फोन, आवाज चढलेला. ‘अहो ताई, बुकिंग कन्फर्म झालंय ना? मग परत पैसे कसले घेतले?’ मी म्हटलं, कोणी घेतले? तर त्यांना आमच्या नावाने मेसेज गेला होता की तुमचं कार्ड व्हेरिफाय झालेलं नाही, १२ तासांत या लिंकवर करा नाहीतर बुकिंग रद्द होईल, रक्कम फक्त तपासणीपुरती कापली जाईल आणि लगेच परत येईल. त्यांनी केलं. पूर्ण मुक्कामाचं भाडं गेलं, परत काही आलं नाही.

मी म्हटलं, आम्ही असा मेसेज पाठवलाच नाही. ते म्हणाले, ‘तुमच्याच चॅटमध्ये आहे, उघडून बघा.’

उघडून बघितलं तर खरंच होता. त्याच चॅटमध्ये, आदल्या दिवशी मी त्यांना पार्किंगचं सांगितलं होतं त्याच्याच खाली. आमचंच नाव, आमच्याच घराचा फोटो. पाहुण्यांना कोण मूर्ख म्हणेल, मीसुद्धा भरले असते पैसे. असे ९ जणांना मेसेज गेले होते आणि तिघांनी पैसे भरले होते. वर आमचे पैसे ज्या बँक खात्यात जमा होतात ते खातं बदलायची रिक्वेस्ट पण टाकलेली, ती सुदैवाने तपासणीत अडकली होती.

मला पडलेला पहिला प्रश्न, आम्ही तर ओटीपी लावून ठेवला होता, मग शिरले कसे? त्या मुलाने सांगितलं ते असं, की जत्रेत, कार्यक्रमात एकदा गेटवर तिकीट दाखवलं की हातावर शिक्का मारतात ना, मग परत आत जाताना तिकीट कोणी विचारत नाही. ब्राउझरमध्ये लॉगिन झालं की तसाच शिक्का राहतो, कुकी म्हणतात त्याला, आणि चोरांनी तो शिक्काच उचलून नेला. ओटीपी मागायची वेळच आली नाही. आम्ही लॉगआउट कधी करतच नव्हतो, कंटाळा.

मग दुसरी चूक केली, घाबरून लगेच त्याच लॅपटॉपवरून पासवर्ड बदलला. म्हणजे नवीन पासवर्डही त्यांच्या हातात. दुपारपर्यंत आणखी दोन मेसेज गेले. तेव्हा कुठे डोकं चाललं, लॅपटॉपचं इंटरनेट बंद केलं, नवऱ्याच्या फोनवरून पासवर्ड बदलला, सगळ्या ठिकाणांहून लॉगआउटचा पर्याय असतो तो दाबला, मेलचा आणि बँकेचा पण पासवर्ड बदलला, आणि साइटच्या हेल्पलाइनला करारातल्या नंबरवर फोन लावला. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, हे लक्षात ठेवा, तिथे फोन केला असता तर चोरानेच उचलला असता. लॅपटॉप पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकलं. सायबर पोलिसांकडे तक्रार केली, बँकेला कळवलं.

सगळ्यात जड गेलं ते पाहुण्यांना फोन करणं. चॅटवर लिहून उपयोग नव्हता, ते चॅटच विटाळलेलं. एकेकाला फोन लावला, की आमचं खातं हॅक झालंय, काही भरू नका. तर एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘आणि आता तुम्ही खऱ्या कशावरून?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. बुकिंगची तारीख सांगितली तर ती चोरालाही माहीत, किती माणसं येणार तेही माहीत, चॅटमधलं सगळंच त्याने वाचलेलं. शेवटी म्हटलं, तुम्ही हा फोन ठेवा, आमचा नंबर नकाशावर शोधा आणि तुम्ही स्वतः लावा. लावला त्यांनी, अर्ध्या तासाने. एका बाईंना मात्र सांगता आलं. त्या आधी राहून गेल्या होत्या, परत येणार होत्या, आणि कानातलं हरवलं म्हणून त्यांनी मागे घरच्या फोनवर विचारलं होतं, चॅटवर त्याचा उल्लेख नव्हता. मी म्हटलं, मोत्याचं, मागची फिरकी नाही, दोन नंबरच्या गादीत सापडलं. त्या हसल्याच एकदम. मी नाही हसले, मला रडू आलं, आठवडाभरात पहिल्यांदा कोणीतरी विश्वास ठेवला होता.

पैशांचं म्हणाल तर तिघांपैकी एकीला तिच्या बँकेने परत दिले, तिने तासाभरात कार्ड ब्लॉक करून तक्रार केली होती. बाकी दोघांची तक्रार बँकेने फेटाळली, ओटीपी तुम्हीच टाकलात म्हणाले. साइटवाले म्हणाले मशीन तुमचं होतं. मशीन आमचंच होतं हे खरं आहे, पण एका नव्या ठिकाणाहून लॉगिन होऊन पाच मिनिटांत ९ जणांना तोच मेसेज आणि तीच लिंक जाते आणि यांच्या सिस्टिमला काही खटकत नाही, हे मला अजून पटलेलं नाही. त्या दोघांकडून आम्ही मुक्कामाचे पैसे घेतले नाहीत. एकाने तरीही रिव्ह्यूमध्ये लिहिलं, जागा स्वच्छ, माणसं चांगली, पण पेमेंटच्या बाबतीत सावध राहा. काय उत्तर देणार त्याला.

आता बुकिंगसाठी वेगळा लॅपटॉप आहे, त्यावर दुसरं काही उघडत नाही, रोज रात्री लॉगआउट, आणि बुकिंग झालं की पाहुण्याला पहिल्याच मेसेजात कळवते की चॅटवर लिंक पाठवून आम्ही कधीच पैसे मागत नाही, तशी लिंक आली तर आधी फोन करा. मेलमधलं बटण तर दाबतच नाही, मेल खरा असला तरी. साइट स्वतः उघडायची, तक्रार खरी असेल तर तिथे असतेच. आणि कुठलीही वेबसाइट कीबोर्डवरची बटणं दाबून काहीतरी पेस्ट करा म्हणाली, कारण काही का सांगेना, ते पान तिथेच बंद.

मागच्या आठवड्यात परत मेल आला, ‘पाहुण्याने तक्रार केली आहे’. पोटात गोळा आला. मेल तसाच ठेवून फोनवर ॲप उघडलं, तर तक्रार खरी होती, तीन नंबरचा नळ रात्रभर टपकत होता, खोली नंबर, तारीख, सगळं लिहिलेलं. नवऱ्याला हाक मारली, तो पाना शोधत होता तेव्हा मी उत्तर लिहायला बसले.