दारू सुटली, आता सिगरेट: सोबतच सोडावी की थांबून?

दारू सोडून महिना-दोन महिने झालेल्या माणसाला घरचे, मित्र, कधीकधी एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगमधले जुने लोकही एकच सांगतात: "एका वेळी एकच गोष्ट धर. सिगरेटचं नंतर बघू." सल्ला आपुलकीचा असतो आणि अगदी बिनबुडाचाही नाही. पण ते 'नंतर' कधी उगवायचं, हे कोणी सांगत नाही. एएचे सहसंस्थापक बिल विल्सन १९३४ नंतर दारूला शिवले नाहीत. १९७१ मध्ये ते गेले एम्फिसीमा (मुख्यतः धूम्रपानाने होणारा फुफ्फुसांचा आजार) आणि न्यूमोनियाने. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये १९७२ ते १९८३ या काळात व्यसनावर उपचार घेतलेल्या ८४५ जणांचा पुढे मागोवा घेतला गेला. त्यांच्यातल्या मृत्यूंपैकी निम्मे तंबाखूशी निगडित होते, दारूशी निगडित साधारण एक तृतीयांश. दारूतून वाचलेला माणूस विडी-सिगरेटने जावा, हे टाळता येतं. म्हणून हा निर्णय नीट विचार करून घ्या.

सोबत की थांबून?

दोन्ही बाजूंना पुरावा आहे. २००४ मध्ये १९ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. व्यसनमुक्तीच्या उपचारातच धूम्रपान सोडायलाही मदत मिळालेले लोक दारू आणि इतर नशांपासून दूर राहण्याची शक्यता त्यात २५ टक्क्यांनी जास्त दिसली. त्याच वर्षी मिनेसोटातल्या ४९९ जणांच्या चाचणीत मात्र उलट इशारा मिळाला. सिगरेटचा उपचार लगेच दिलेल्या गटात दारूपासून दूर राहण्याचं प्रमाण सहा महिने थांबवलेल्या गटापेक्षा कमी होतं, आणि सिगरेट सुटण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. पुढे २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) असं दिसलं की औषधांची जोड दिली तर तंबाखू सुटायला मदत होते आणि दारूच्या बाबतीत नुकसान होत नाही.

यातून आम्ही काढलेला अर्थ असा. केंद्रात भरती असाल, आसपास टपरी नसेल, डॉक्टर रोज बघत असतील, तर सोबतच सोडा. निकोटिनची जोड (पॅच किंवा गम, पुढे दिलंय) मात्र पहिल्या दिवसापासून हवी. घरी राहून उपचार घेत असाल, तर आधी झोप लागू द्या, डिटॉक्सच्या (दारू सोडतानाचा त्रास आवरायला दिलेल्या) गोळ्या पूर्ण उतरू द्या, मीटिंग किंवा समुपदेशनाची घडी बसू द्या. याला बहुतेकांना चार ते आठ आठवडे लागतात. पण तारीख आजच ठरवा आणि स्पॉन्सरला (एएमधल्या तुमच्या अनुभवी सोबत्याला) किंवा समुपदेशकाला सांगून ठेवा. तीन महिन्यांपलीकडे ढकलू नका. संध्याकाळी सात ते दहा ही पिण्याची वेळ रिकामी झालेली असते. तिथे चहा आणि सिगरेट शिरते, दहाच्या वीस होतात आणि सोडणं तेवढंच जड होत जातं.

सोबत सोडण्यात मोठी अडचण अशी की दोन्ही विड्रॉल (नशा थांबवल्यावर होणारे त्रास) सारखेच दिसतात: चिडचिड, अस्वस्थता, उडालेली झोप. निकोटिनचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. त्याने जीव जात नाही. दारूच्या विड्रॉलने जाऊ शकतो. शेवटच्या पेगनंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत हात थरथरणं, दरदरून घाम, भास, फिट यातलं काहीही दिसलं तर "सिगरेट नाही म्हणून होतंय" असं समजून घरी बसू नका. थेट रुग्णालय गाठा.

कशाच्या आधाराने?

नुसत्या निर्धारावर सोडणं या काळात सर्वांत अवघड, म्हणून तो पर्याय आम्ही सुचवत नाही. ई-सिगरेटवर २०१९ पासून देशात बंदी आहे. उरतात तीन पर्याय.

निकोटिनचा पॅच आणि गम एकत्र वापरणं हा बहुतेकांसाठी पहिला पर्याय. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगरेटी असतील तर २१ मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, मग १४ चा दोन आणि ७ चा दोन आठवडे. दंडावर किंवा छातीवर, कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर लावा आणि रोज जागा बदला. रात्री विचित्र स्वप्नं पडू लागली तर झोपताना काढून ठेवा. तलफ अचानक उसळते तेव्हासाठी गम. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ चा.

हा गम च्युइंगमसारखा चघळायचा नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. सावकाश चावा, तोंडात झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावा. असं अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. भराभर चावलं तर ते लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते. दारूने आधीच पोट बिघडलेल्यांना हे फार जाणवतं; त्यांनी पॅचवर जास्त भर द्यावा. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

दुसरा पर्याय व्हॅरेनिक्लीन, सिगरेटची तलफ कमी करणारी गोळी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी दोनदा, मग १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. सिगरेट आठव्या दिवशी बंद. मळमळ हा नेहमीचा त्रास. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घेतली की बरीच कमी होते. औषध मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर जातं, त्यामुळे यकृत थकलेल्यांना सोयीचं. मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा कमी करावी लागते. पूर्वी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. या गोळीवर असताना प्यायल्यास काहींना नेहमीपेक्षा जास्त चढते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये दिला आहे.

तिसरा पर्याय ब्युप्रोपिऑन, तलफ कमी करणारं आणखी एक औषध. दारू किंवा लिब्रियम-लोराझेपामसारख्या (डिटॉक्समध्ये देतात त्या) गोळ्या अचानक थांबवणाऱ्याला तो वर्ज्य आहे, कारण फिट येऊ शकते. सुरुवातीच्या काळात त्याचा विचारच नको.

आता चहाबद्दल. धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफिन लवकर निचरून टाकतं. सिगरेट थांबली की तेवढ्याच चहाने अंगात दुप्पट कॅफिन राहू शकतं. छाती धडधडते, झोप उडते, आणि माणसाला वाटतं तलफच आहे. सोडण्याच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्म्यावर आणा. ओलान्झापिन, क्लोझापिन (मानसिक आजारांची औषधं) किंवा थिओफिलिन (दम्याचं औषध) चालू असेल तर त्यांचीही रक्तातली पातळी वाढते. मात्रेबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा.

आपल्याकडे आणखी एक वाट घसरणीची आहे: सिगरेट सुटते आणि तंबाखू-चुना, मिश्री किंवा मावा सुरू होतो. महाराष्ट्रात धूर ओढणाऱ्यांपेक्षा तंबाखू खाणारे कितीतरी जास्त, त्यामुळे हातावर मळलेली चिमूट कोणीही पुढे करतं. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तिथेही आहेच, आणि वर्षानुवर्षं दारू प्यायलेल्यांना तो अधिक. सोडायचा तो तंबाखू, कुठल्याही रूपातला.

सिगरेट सोडल्यावर दारूची ओढ वाढली तर निकोटिन कमी पडतंय का ते आधी बघा, डॉक्टरांकडून मात्रा वाढवून घ्या, त्या आठवड्यात मीटिंगा वाढवा. मध्येच एखादी सिगरेट ओढली गेली तर पॅच काढू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. तुमची दारू सोडल्याची तारीख त्याने बदलत नाही. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६, या दोन्ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहेत. नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा.