लाइट बिलावरचं आडनाव मी वाचलं होतं

हेवी डिपॉझिटवर, म्हणजे भाड्याऐवजी एकरकमी मोठं डिपॉझिट देऊन, रूम घेणाऱ्यांनी आणि घरकामाच्या बायकांना रूम बघून देणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे वाचाच. १,६०,००० रुपये गेले. त्यातले ७०,००० आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंच्या भिशीचे, ५०,००० सोनाराकडे मंगळसूत्र गहाण ठेवून आणलेले, ४०,००० मी उसने दिलेले.

ताईंना नवरा नाही, दोन मुलं, आणि मे महिन्यात जुन्या मालकाने रूम खाली करायला सांगितलं. जिथे जावं तिथे "घरात पुरुष माणूस कोण?" हाच प्रश्न. शेवटी ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या एका चाळीत दहा बाय बाराची रूम मिळाली. नुसतं डिपॉझिट, भाडं नाही. महिन्याचे साडेचार हजार वाचतील, हा हिशेब मीच त्यांना करून दाखवला.

मी लाइट बिल मागितलं होतं. अगदीच डोळे मिटून गेले नव्हते. रूम देणाऱ्या 'मालका'ने महावितरणचं बिल पुढे केलं, घडी घातलेलं, नावावर अंगठा. तरी आडनाव दिसलं. ते त्याचं नव्हतं. "मामांच्या नावावर आहे ताई, ते गावी असतात." बाहेर टेम्पो उभा, पोरं भांड्यांच्या गोणीवर बसलेली, ताईंच्या हातात पैशांची पिशवी. मामांना आत्ता फोन लावा, एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघालं नाही.

२३ दिवसांनी खरा मालक दारात! आमचा 'मालक' त्याचाच भाडेकरू, तीन महिन्यांचं भाडं बुडवून पळालेला. शेजारणीला विचारलं असतं, भाडं घ्यायला कोण येतं, तर तिने त्याच दिवशी सांगितलं असतं. विचाराच.

५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केली होती. नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नाही! महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार रजिस्टर करणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची. "कशाला खर्च" म्हणणाऱ्याच्या हातावर रुपया ठेवू नका. आणि रोख तर मुळीच नाही.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी, "मॅडम, कागद झालाय ना? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा हद्द! नोटरी एका हद्दीत, रूम दुसऱ्या. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवावी लागते. हे मी तिथे उभं राहून सांगितलं, तर "मग तुम्हीच लिहा गुन्हा". दुसऱ्याचं घर भाड्याने देऊन पैसे उकळणं हा दिवाणी मामला? पोळ्या लाटून जमवलेल्या पैशाला कोर्टाची फी कुठून येणार? शेवटी अर्ज घेतला, गुन्हा अजून नाही. अर्जाची शिक्क्याची पोच मागून घ्या, आपणहून देत नाहीत.

ताई आता बहिणीकडे आहेत, एका खोलीत सात माणसं. मला एवढंच म्हणाल्या, "तुम्ही सोबत होता म्हणून मी दिले." सोनाराचं व्याज महिन्याला १,००० होतं, ते मी भरतेय.